मानसपूजा: जिभेची चाल, मनाची चाल

श्रोतेहो, नमस्कार. मानसपूजेला, म्हणजे मनातल्या मनात केलेल्या पूजेला, ताम्हन लागत नाही, निरांजन लागत नाही, म्हणून ती सोपी असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेकांची पूजा दोन-तीन मिनिटांत उरकते आणि देवाला स्नान घातलं की नाही हेही आठवत नाही. पाठ झालेलं स्तोत्र जिभेच्या सवयीनं पुढे धावतं, मन आसनापाशीच राहतं.

शंकराचार्यांच्या नावे असलेलं शिवमानसपूजा स्तोत्र घेऊ. श्लोक ५. पहिले ४ शार्दूलविक्रीडित वृत्तात, म्हणजे चरणात १९ अक्षरं आणि १२ अक्षरांनंतर थांबायची जागा, म्हणजे यती. ही यती फार कामाची. 'रत्नैः कल्पितमासनं हिमजलैः' इथे थांबा, एक पुरा श्वास घ्या. तेवढ्यात आसन मांडा, गार पाण्याचा कलश उचला. मग 'स्नानं च दिव्याम्बरं' म्हणत पाणी घाला, अंग पुसा, वस्त्र नेसवा. दुसऱ्या चरणात मात्र यती 'मृगमदामोद' या जोडशब्दाच्या मधोमध येते. तिथे श्वास तोडला तर शब्दच मोडतो. तो चरण संपल्यावर थांबा.

पहिला आठवडा हा एकच श्लोक. आसन, स्नान, वस्त्र, अलंकार, चंदन, फुलं, धूप, दीप हे पूजेतले ८ उपचार त्यात येतात. रत्नजडित आसन डोळ्यांपुढे येत नाही, अशी तक्रार हमखास असते. न येऊ द्या. कधी न पाहिलेल्या वस्तूचं चित्र ओढूनताणून काढण्यापेक्षा हाताला आणि नाकाला ओळखीचं असेल ते धरा. चंदनापाशी सहाणेवर खोड फिरू दे, खरखर ऐकू येऊ दे, कोरडं पडलं की पाण्याचा थेंब. मग ते गार गंध अनामिकेवर घेऊन लावा. हा एक उपचार नीट झाला की धूप-दीप आपसूक होतात.

मध्येच मन भरकटलं तर पहिल्यापासून सुरू करू नका. तसं केलं की आसन रोज मांडलं जातं आणि दुसऱ्या श्लोकातली खीर देवापर्यंत कधी पोचतच नाही. शेवटचा जो उपचार स्पष्ट आठवतो, तिथून पुढे चला.

आता आवाजाचं. मनुस्मृतीत विधियज्ञाहून, म्हणजे विधीप्रमाणे केलेल्या यज्ञाहून, जप दहापट, ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू जात नाही असा उपांशु जप शंभरपट आणि मानस हजारपट श्रेष्ठ म्हटला आहे. हजारपट ऐकून नवशिके थेट मनातल्या मनात सुरू करतात आणि पेंगतात. आधी मोठ्यानं, मग उपांशु, आणि मग मानस. पेंग आली की एक पायरी खाली, पुन्हा ओठांवर.

चौथ्या श्लोकात साहित्य संपतं. आत्मा तूच, बुद्धी गिरिजा, प्राण तुझे सोबती, शरीर हे घर, चालणं ही प्रदक्षिणा. इथे गाभाऱ्याभोवती फेऱ्या मारत बसायचं नाही. बसलेल्या देहाकडे आणि चाललेल्या श्वासाकडे लक्ष पुरे.

पाचवा क्षमेचा श्लोक मालिनी वृत्तात आहे: १५ अक्षरं, यती ८ अक्षरांनंतर. मागचीच चाल पुढे ओढली की इथे हमखास अडखळायला होतं. 'करचरणकृतं वाक्', थांबा, 'कायजं कर्मजं वा'. हात, पाय, वाणी, देह. एकेकाकडून काय चुकलं ते आठवायला तेवढी जागा पुरते.