भुणभुणीचा हिशेब: एकावर एक बसवलेल्या दोन गुंडाळ्यांचा पिकअप

गोव्यात जत्रेच्या रात्री देवळासमोरच्या मंडपात नाटक उभे राहते, फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवाच्या, दिवसांत गावोगावच्या मंचांवर तियात्र हे कोकणी संगीतनाट्य रंगते, आणि दोन्ही ठिकाणी इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला एकच पीडा असते. गायक थांबतो, ड्रम थांबतात, तरी ॲम्प्लिफायरमधून एक अखंड भुणभुण येतच राहते. दिवे मंद-प्रखर करणारे डिमर, तात्पुरत्या जोडणीच्या लांबलचक केबली आणि ॲम्प्लिफायरचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर हे सारे वादकापासून हाताच्या अंतरावर असते. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तने पूर्ण करते. 50 हर्ट्झचा हा सूर पाश्चात्त्य स्वरपट्टीतल्या 49 हर्ट्झच्या खालच्या 'जी'पेक्षा किंचित चढा आहे, त्यामुळे गाणे 'जी' पट्टीत असेल तर ही भुणभुण त्याखाली एक बेसूर षड्ज धरून बसते.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका कार्यशाळेत वर्षभर विहिरींवरच्या पंपांच्या मोटारी गुंडाळल्या जातात. तिच्याच एका कोपऱ्यात गिटारचे पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनाचे विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारे भाग, तयार होतात. मोटारीतल्या तारेपुढे इथली तार केसासारखी बारीक दिसते.

गिटारचा साधा पिकअप म्हणजे अल्निको या चुंबकीय मिश्रधातूच्या सहा चुंबक-दांड्या आणि त्यांच्याभोवती एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे साधारण आठ हजार वेढे. पोलादी तार चुंबकांच्या वर कंप पावली की गुंडाळीतून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीअधिक होते आणि वेढ्यांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. अडचण अशी की क्षेत्र गिटारच्या तारेमुळे बदलले की शेजारच्या ट्रान्सफॉर्मरमुळे, हे गुंडाळीला कळण्याचा काहीच मार्ग नसतो, आणि आठ हजार वेढ्यांची गुंडाळी बाहेरचे क्षेत्रही तितक्याच तत्परतेने टिपते.

यावरचा प्रसिद्ध उपाय गिब्सन कंपनीतील अभियंता सेथ लव्हर यांनी काढला. 1955 साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि 1959 साली ते मंजूर झाले. त्यांच्या रचनेत दोन गुंडाळ्या शेजारीशेजारी असतात. त्यांची विद्युत जोडणी एकमेकींच्या उलट असते आणि चुंबकांची दिशाही उलट असते. बाहेरून येणारी भुणभुण दोघींत विरुद्ध होऊन मिटते, तारेचा आवाज मात्र दोनदा उलटल्यामुळे पुन्हा सुलटा होऊन बेरजेत येतो. हा उपाय उत्तम आहे, पण असा पिकअप रुंद असतो, तारेचा अधिक लांबीचा भाग टिपतो आणि त्याचा आवाज जाड येतो. 1954 साली आलेल्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या अरुंद खाचेत तो मावत नाही. ज्यांना त्या गिटारचा लख्ख, काचेसारखा आवाज हवा असतो, त्यांना तो मावूनही नको असतो.

म्हणून दुसरी गुंडाळी शेजारी न ठेवता पहिलीच्या खाली ठेवण्याची कल्पना पुढे आली. खाच तीच राहते, वरून दिसणाऱ्या सहा दांड्याही त्याच राहतात. इथे मात्र एक पेच आहे. त्याच चुंबक-दांड्या दोन्ही गुंडाळ्यांतून आरपार गेल्या तर गिटारच्या तारेने घडवलेला बदल खालच्या गुंडाळीपर्यंतही पोहोचतो. चुंबकांची दिशा दोन्हीकडे एकच असल्याने उलट जोडलेली खालची गुंडाळी भुणभुणीसोबत संगीताचाही काही भाग वजा करते. सुरुवातीच्या अनेक स्टॅक, म्हणजे अशा एकावर एक गुंडाळ्यांच्या, पिकअपांचा आवाज दबका आणि निर्जीव वाटायचा, त्यात या वजाबाकीचा मोठा वाटा होता. खालच्या गुंडाळीने भुणभुण पूर्ण ऐकावी आणि तार अजिबात ऐकू नये, ही या पिकअपची खरी अट आहे. पुढचे सगळे कारागिरीचे निर्णय या एका अटीतून निघतात.

इथे कामी येते ती दोन गुंडाळ्यांच्या मधली पोलादाची पातळ पट्टी. चुंबक-दांड्या वरच्या गुंडाळीच्या तळाशीच संपतात आणि या पट्टीवर टेकतात. पोलाद चुंबकीय रेषांना हवेपेक्षा कितीतरी सोपी वाट देते, त्यामुळे तारेने घडवलेला बदल पट्टीतून बाजूला वळतो आणि खाली फारसा उतरत नाही. पट्टीच्या कडा खाली वळवून नालीचा आकार दिला आणि खालच्या गुंडाळीत पोलादाचा गाभा ठेवला, तर आणखी एक लाभ होतो. अल्निकोच्या तुलनेत पोलाद बाहेरचे क्षेत्र अधिक गोळा करते, म्हणून तेवढीच भुणभुण टिपायला खालच्या गुंडाळीला कमी वेढे पुरतात. वेढे कमी म्हणजे रोध कमी, प्रेरकत्व (प्रवाहातील बदलाला गुंडाळीचा विरोध) कमी, आणि वरच्या पट्टीतल्या स्वरांची धार शाबूत. गाभा अखंड जाड पोलादाचा मात्र नसावा, कारण त्यात भोवरा-प्रवाह, म्हणजे धातूच्या आतच गोल फिरणारे विद्युतप्रवाह, तयार होतात आणि तेच स्वर बोथट करतात. मोटारीच्या स्टेटरमध्ये, म्हणजे तिच्या स्थिर भागात, पत्रे एकमेकांपासून अलग ठेवून रचतात ते याच कारणाने, त्यामुळे या कार्यशाळेत ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

तारेच्या क्रमांकाबाबत इथे सावध राहावे लागते. गिटारच्या जगातला 42 क्रमांक अमेरिकन मापाचा आहे आणि ती तार सुमारे 0.063 मिलिमीटर व्यासाची असते. आपल्याकडे वाइंडिंगचे सामान विकणारे दुकानदार ब्रिटिश एसडब्ल्यूजी मापात बोलतात. त्यांच्याकडे 42 नंबर मागितला तर 0.10 मिलिमीटरची तार हातात पडते, आणि तिचे आठ हजार वेढे पिकअपच्या बॉबिनमध्ये, म्हणजे तार गुंडाळायच्या साच्यात, कधीच बसणार नाहीत. जवळची तार म्हणजे त्यांचा 46 नंबर, 0.061 मिलिमीटरचा. स्टॅकमध्ये उपलब्ध उंची दोन गुंडाळ्यांत वाटली जात असल्याने अनेकदा याहूनही बारीक, एसडब्ल्यूजी 47 म्हणजे अमेरिकन 44 क्रमांकाची तार घ्यावी लागते. तिचा रोध त्याच लांबीच्या अमेरिकन 42 क्रमांकाच्या तारेच्या दीडपटीहून थोडा अधिक असतो.

गुंडाळण्यासाठी शिलाई मशीनची मोटार, वेढे मोजणारा काउंटर आणि तार धरायला फेल्टचा तुकडा एवढेच साहित्य पुरते. चुंबक-दांड्यांवर आधी लाखेचा पातळ थर देतात किंवा टेप लावतात, कारण दांडीच्या खरखरीत कडेवर एनॅमल सोलले गेले की आतल्या आत वेढे जुळतात आणि पिकअप मुका होतो. सहा किलोओहमच्या एका जुन्या पद्धतीच्या गुंडाळीत सुमारे 1100 मीटर तार जाते. एवढी तार बोटांच्या चिमटीतून जाताना ताण जास्त झाला तर ती ताणून बारीक होते किंवा तुटते, आणि कमी झाला तर वेढे सैल राहून पुढे ॲम्प्लिफायरसमोर शिट्टी घालतात. हा ताण आकड्यात सांगता येतो, पण चांगला कारागीर तो आकड्यावरून धरत नाही.

दोन्ही गुंडाळ्या तयार झाल्या की बहुतेक जण मल्टिमीटर उचलतात आणि दोघींचा रोध सारखा आहे का ते पाहतात. ही सवय इथे निरुपयोगी आहे. गुंडाळीत शिरणारी भुणभुण वेढ्यांची संख्या, प्रत्येक वेढ्याने वेढलेले क्षेत्रफळ आणि गाभ्याची चुंबकीय क्षमता यांच्या गुणाकारावर ठरते. रोधाचा तिच्याशी थेट संबंधच नाही. तांब्याचा रोध तर तापमान 10 अंशांनी वाढले की सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. मे महिन्याच्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे मोजलेला तोच पिकअप दोन वेगळे आकडे दाखवील, भुणभुण मात्र तेवढीच राहील. चौदा किलोओहमचा स्टॅक पाहून तो दणकट आवाजाचा असेल असे मानणारे ग्राहकही याच गैरसमजात असतात, कारण त्यातला बराचसा रोध फक्त भुणभुण मिटवण्याच्या कामी लागलेला असतो.

म्हणून इथे समतोल भुणभुणीवरच साधला जातो. एका मोठ्या चौकटीवर गुंडाळलेल्या तारेतून ट्रान्सफॉर्मरने उतरवलेला कमी दाबाचा 50 हर्ट्झचा प्रवाह सोडतात आणि पिकअप त्या चौकटीच्या मध्यभागी ठेवतात. ट्रान्सफॉर्मर थेट पिकअपजवळ धरून केलेली चाचणी फसवी ठरते, कारण इतक्या जवळ वरच्या आणि खालच्या गुंडाळीला मिळणारे क्षेत्रच सारखे नसते. खालची गुंडाळी मुद्दाम गरजेपेक्षा थोडे अधिक वेढे देऊन तयार केलेली असते. ऑसिलोस्कोपवरची, म्हणजे विद्युतलहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावरची, रेषा सपाटीकडे येईपर्यंत तिचे वेढे थोडेथोडे उलगडतात. रेषा पूर्ण सपाट कधीच होत नाही. दोन गुंडाळ्यांचे गाभे वेगळे असल्याने त्यांतले दाब किंचित मागेपुढे राहतात आणि 150 किंवा 250 हर्ट्झसारख्या, म्हणजे 50च्या पटीतल्या, सुरांची थोडी कुरकुर उरते. वेढे काढून ती जात नाही, आणि तिच्यामागे लागून रात्र घालवण्यातही अर्थ नाही.

जोडणीचा नियम सोपा आहे. दोन्ही गुंडाळ्या एकाच दिशेने गुंडाळलेल्या असतील तर वरच्या गुंडाळीचे शेवटचे टोक खालच्या गुंडाळीच्या शेवटच्या टोकाला डाखावे, वरचे आरंभाचे टोक सिग्नलला न्यावे आणि खालचे आरंभाचे टोक अर्थिंगला द्यावे. एकीचा शेवट दुसरीच्या आरंभाला जोडला गेला तर भुणभुण मिटण्याऐवजी जवळजवळ दुप्पट होते, त्यामुळे ही चूक लपून राहत नाही. गुंडाळ्या नियमाप्रमाणे उलट जोडल्या की त्यांचे परस्पर-प्रेरकत्व, म्हणजे एकीचा दुसरीवर होणारा प्रभाव, एकूण बेरजेतून वजा होते. रोधाचा आकडा मोठा असूनही चांगला स्टॅक दबका वाजत नाही, त्याचे हेही एक कारण आहे.

या सगळ्या खटाटोपाने मिटते ती चुंबकीय भुणभुण. डिमरमधून हवेतून येणारी तिखट खरखर विद्युतक्षेत्राची असते आणि तिच्यासाठी खाचेला तांब्याचा पत्रा किंवा वाहक रंग लावून तो अर्थिंगला जोडावा लागतो. उलट बाजूने पाहिले तर तांब्याचा पातळ पत्रा 50 हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला अडवू शकत नाही. तेवढ्या कंप्रतेला तांब्यात ते क्षेत्र पुरेसे क्षीण होण्यासाठीच सुमारे नऊ मिलिमीटर जाडी लागते. दोन्ही उपाय एकमेकांची जागा घेत नाहीत.

समतोल साधल्यानंतरच पिकअप मेणात बुडवतात. पॅराफिन आणि थोडे मधमाश्यांचे मेण साधारण 60 ते 65 अंशांवर वितळवून त्यात बुडबुडे येणे थांबेपर्यंत तो ठेवतात. वेढे हलू नयेत हा त्याचा नेहमीचा हेतू. गोव्यात दुसरा हेतूही तितकाच मोठा आहे. पावसाळ्यातली दमट हवा आणि किनाऱ्यावरचा खार एनॅमलच्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत शिरतो, तांबे हिरवे पडते आणि तार बहुधा सुरुवातीच्या टोकापाशी, म्हणजे जिथे ती दुरुस्त करणे सर्वांत अवघड असते तिथेच, तुटते.

काही वादकांना बटण दाबून जुना एकेरी आवाज हवा असतो. त्यासाठी दोन गुंडाळ्यांचा सांधा सरळ अर्थिंगला जोडण्याची प्रथा आहे, पण तसे केल्यास खालच्या गुंडाळीची दोन्ही टोके अर्थिंगवर येतात आणि ती बंद वेढ्यासारखी वागून वरच्या गुंडाळीचे प्रेरकत्व खाली ओढते. सांधा अर्थिंगला देतानाच खालच्या गुंडाळीचे अर्थिंगचे टोक मोकळे सोडणारे दुहेरी बटण बसवावे, म्हणजे वरची गुंडाळी तिच्या स्वभावाने वाजेल. भुणभुण अर्थातच परत येईल.

तीनपैकी एकच पिकअप बदलायचा असेल तर तो उरलेल्या दोघांशी एका दिशेत आहे का, हे आधी तपासावे. त्यासाठी काट्याचा मल्टिमीटर सर्वांत लहान दाबाच्या मापावर ठेवून पिकअपच्या दोन टोकांना जोडतात, पोलादी पेचकस चुंबकांवर टेकवून झटक्याने उचलतात आणि काटा कोणत्या बाजूला झुकला ते पाहतात. सिग्नलच्या टोकाला एकच खूण धरून तिन्ही पिकअपांवर काटा एकाच बाजूला झुकला पाहिजे. नव्याचा काटा उलटा गेला तर त्याची दोन बाहेरची टोके आपसात बदलावीत. खालच्या गुंडाळीला हात लावायची गरज नसते.