ठोके परत आल्यानंतर

(पडदा काळा. छातीवर दाब देताना मोजलेले आकडे ऐकू येतात. मोजणी थांबते. मॉनिटरचा आवाज सुरू होतो.)

"ठोके आले."

हे दोन शब्द ऐकले की खोलीतली सगळी माणसं एकदम श्वास सोडतात. दाब देणारा मागे सरकतो, त्याचे हात अजून थरथरत असतात. कुणीतरी घड्याळ बघून वेळ लिहून घेतं. बाहेर बसलेल्या घरच्यांना निरोप जातो, हृदय चालू झालंय. आणि दारातूनच पहिला प्रश्न येतो: "शुद्धीवर कधी येतील?"

याचं उत्तर त्या क्षणी जगातल्या कुठल्याही डॉक्टरकडे नसतं. कार्डियाक अरेस्टनंतर, म्हणजे हृदय अचानक थांबल्यानंतर, ठोके परत येऊन रुग्णालयात दाखल झालेले जे रुग्ण पुढे दगावतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मृत्यूचं कारण मेंदूची इजा हे असतं. म्हणजे हृदय वाचलेलं असतं, आणि तरीही माणूस जातो.

(मेंदूचा स्कॅन, संथपणे फिरणारा.)

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. स्नायूंकडे, यकृताकडे ऊर्जेची थोडीफार शिल्लक असते. मेंदूचं मात्र हातावर पोट. रक्त थांबलं की दहा-वीस सेकंदांत शुद्ध हरपते आणि ईईजीवरच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावरच्या, लाटा सपाट होतात. पाचेक मिनिटांत चेतापेशींमधली ऊर्जा संपत येते. पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर फेकणारे पंप असतात, ते बंद पडतात. सोडियम आत शिरतं, त्याच्यामागून पाणी शिरतं, पेशी फुगते. मग कॅल्शियम घुसतं. घाबरलेल्या माणसानं ओरडत सुटावं तशी पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन बाहेर सोडते, आणि त्यानं शेजारच्या पेशीही पेटून उठतात.

इथवरचं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पाच मिनिटं गेली की मेंदू गेला, असं आपण सहज म्हणून टाकतो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कळायला एका छोट्या प्राण्याची मदत झाली.

जर्बिल हा उंदरासारखा दिसणारा प्राणी. जपानी संशोधक तकाआकी किरिनो यांनी १९८२ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. जर्बिलच्या मेंदूचा रक्तपुरवठा त्यांनी फक्त पाच मिनिटं थांबवला आणि पुन्हा सुरू केला. मग वेगवेगळ्या दिवशी मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पहिल्या दिवशी हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे स्मरणशक्तीशी जोडलेल्या भागातल्या पेशी जवळजवळ ठीक दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी बदल दिसू लागले. चौथ्या दिवसापर्यंत त्या भागातल्या बहुतेक पेशी मेलेल्या होत्या.

पाच मिनिटांचा घाव, आणि मरण चौथ्या दिवशी.

मला या सगळ्या विषयात याहून महत्त्वाचं काही वाटत नाही. पेशी त्या पाच मिनिटांत मेल्याच नव्हत्या. रक्त परत मिळालं, ऊर्जा परत मिळाली, आणि त्यानंतर त्या सावकाश मरत गेल्या. याचा अर्थ मधे वेळ होता. त्या वेळात काही करता आलं असतं का, हा प्रश्न तेव्हापासून अनेकांना झोपू देत नाही.

(प्रयोगशाळा. रक्ताच्या नळ्या, फिरणारं सेंट्रिफ्यूज.)

परत येणारं रक्त हे नुसतं वरदान नसतं, ते दुखणंही घेऊन येतं. विझत आलेल्या निखाऱ्यावर फुंकर मारली की तो फुलतो, ठिणग्याही उडतात. उपाशी पेशींना अचानक ऑक्सिजन मिळतो तेव्हा त्यातून फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू, तयार होतात. पेशीचं वीजघर म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्याच्या आवरणाला भोकं पडतात. सूज येते. काही बारीक रक्तवाहिन्यांमधून रक्त पुन्हा वाहतच नाही. मॉस्कोचे व्लादिमीर नेगोव्स्की यांनी १९७२ मध्येच म्हटलं होतं की पुन्हा जिवंत केलेल्या माणसाला एक वेगळाच आजार होतो. त्यांनी त्याला नाव दिलं पुनरुज्जीवनोत्तर आजार. त्याची देखभालही वेगळी हवी, हा त्यांचा आग्रह होता.

आणखी एका माणसाबद्दल थांबून बोलायला हवं. पीटर सफार. जन्म व्हिएन्नाचा, काम अमेरिकेत. तोंडाने श्वास देण्याची पद्धत शास्त्राच्या कसोटीवर उतरवण्यात त्यांचा मोठा वाटा. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीवर दाब देण्याची पद्धत मांडली, आणि दोन्ही मिळून आजचं सीपीआर झालं, म्हणजे थांबलेलं हृदय आणि श्वास पुन्हा चालू करण्याची पद्धत. सहा वर्षांनी, १९६६ मध्ये, सफार यांच्या लहान मुलीला दम्याचा तीव्र झटका आला आणि ती कोमात गेली. हृदय आणि श्वास परत आले. मेंदू परत आला नाही.

ज्या माणसानं जगाला श्वास द्यायला शिकवलं, त्याच्या घरात हे घडलं.

सफार यांनी त्यानंतर दोन गोष्टी केल्या. पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाउस नावाच्या रुग्णवाहिका सेवेतल्या लोकांना प्रशिक्षण दिलं, कारण मदत जितकी लवकर पोहोचेल तितका मेंदू वाचतो. आणि सीपीआर या नावात मेंदूसाठी आणखी एक अक्षर घातलं, 'सेरेब्रल'चा सी: सीपीसीआर. नुसतं हृदय आणि फुफ्फुस चालू करून काम संपत नाही, हे त्यांना नावातच लिहून ठेवायचं होतं. तो शब्द फारसा रुजला नाही. मला वाटतं, रुजायला हवा होता.

मग औषधांचा शोध सुरू झाला. थायोपेंटल हे भूल देणारं औषध मेंदूची ऊर्जेची गरज कमी करतं, प्राण्यांमध्ये आशा दिसली होती. सफार यांच्याच गटानं २६२ रुग्णांवर चाचणी केली. १९८६ मध्ये निकाल आला: फायदा नाही. नंतर कॅल्शियम रोखणारं लिडोफ्लाझिन तपासलं, १९९१ मध्ये त्याचाही निकाल तसाच. झेनॉन वायूनं फिनलंडमध्ये ११० रुग्णांच्या चाचणीत एमआरआयवर मेंदूच्या श्वेत भागाची हानी कमी दाखवली, पण जगण्याचं प्रमाण ठामपणे वाढलं असं म्हणता आलं नाही. जपानमध्ये हायड्रोजन श्वासातून देऊनही पाहिलं गेलं. माणसाचा मेंदू नक्की वाचवतं असं म्हणता येईल असं औषध अजून हाती आलेलं नाही.

(बर्फ. गोठलेला ओढा.)

थंडीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि गुंतागुंतीची आहे.

१९९९ मध्ये उत्तर नॉर्वेत स्कीइंग करताना एक तरुण डॉक्टर ओढ्यावरच्या बर्फाखाली अडकली. सुमारे ४० मिनिटं ती हवेच्या एका पोकळीत श्वास घेत होती. मग हृदय थांबलं. बाहेर काढून ट्रॉम्सोच्या रुग्णालयात आणलं तेव्हा शरीराचं तापमान १३.७ अंश होतं. ती वाचली. नंतर पुन्हा डॉक्टर म्हणून कामाला लागली.

हा चमत्कार वाटतो, पण त्यामागे क्रम आहे. मेंदू आधी गार झाला, हृदय नंतर थांबलं. गार मेंदूला ऑक्सिजन फार कमी लागतो. नेहमीच्या कार्डियाक अरेस्टमध्ये उलटं होतं. मेंदू ३७ अंशांवर असतानाच रक्त थांबतं, आणि आपण थंडावा देऊ शकतो तो नंतर.

नंतर दिलेला थंडावाही चालतो, असं २००२ साली वाटलं. एकाच वर्षी दोन चाचण्या आल्या. युरोपातल्या चाचणीत २७५ रुग्ण होते. ३२ ते ३४ अंशांवर २४ तास ठेवलेल्यांपैकी ५५ टक्के रुग्णांचा मेंदू चांगला राहिला, न ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांचा. मेलबर्नची चाचणी ७७ रुग्णांची, तिचा निकालही त्याच दिशेचा. जगभरच्या आयसीयूंमध्ये थंड पाण्याच्या गाद्या आल्या.

मग २०१३ मध्ये ९३९ रुग्णांची चाचणी झाली, ३३ अंश विरुद्ध ३६ अंश. फरक नाही. २०१४ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये रुग्णवाहिकेतच गार सलाइन देऊन बघितलं. १,३५९ रुग्ण, फायदा नाही, उलट वाटेतच हृदय पुन्हा थांबण्याचं प्रमाण वाढलं. २०२१ मध्ये जवळपास १,९०० रुग्णांची चाचणी. एका गटाला ३३ अंश, दुसऱ्याला फक्त ताप येऊ द्यायचा नाही. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ५० टक्के दगावले होते, दुसऱ्यात ४८ टक्के.

वीस वर्षांचं काम वाया गेलं? मला तसं वाटत नाही. २००२ च्या युरोपातल्या चाचणीत ज्यांना थंड ठेवलं नव्हतं, त्यांच्या तापमानावर कुणी नियंत्रण ठेवलं नव्हतं. त्यांतल्या अनेकांचं तापमान चढलं. कदाचित तो सगळा फरक थंडीमुळे नसून दुसऱ्या बाजूच्या तापामुळे पडला असेल. जखमी मेंदूला ताप सोसत नाही, हे आता पक्कं धरलं जातं. म्हणून आज बिछान्याशेजारची नर्स तासातासाला तापमान बघते, ३७.५ च्या वर जाऊ देत नाही. साधं काम आहे. पण ते चोवीस तास, तीन दिवस, न चुकता करावं लागतं.

(आयसीयू. रात्र. डोक्यावर ईईजीच्या तारा.)

हे तीन दिवस वाट बघण्याचेही असतात, आणि वाट बघणं हासुद्धा उपचारच आहे. तिसऱ्या दिवसाच्या आत रुग्णाबद्दल अखेरचा निष्कर्ष काढू नये, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. झोपेची औषधं शरीरात साचून राहतात. त्या गुंगीला चुकून मेंदूचं मरण समजलं, आणि त्यावरून उपचार थांबवले, तर आपला अंदाज आपणच खरा करून दाखवल्यासारखं होतं. एखादा रुग्ण आठवडा उलटून गेल्यावर डोळे उघडतो.

७२ तासांनंतर डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला आकसतात का ते बघतात. ईईजी बघतात. रक्तात चेतापेशींमधून झिरपलेलं एनोलेझ नावाचं प्रथिन मोजतात. मनगटावर विजेचा बारीक झटका देतात आणि सुमारे २० मिलिसेकंदांनी मेंदूच्या पृष्ठभागावर एक लाट उमटते का, हे पाहतात. एका चाचणीवर कुणी निर्णय घेत नाही. चार-पाच एकत्र मांडतात, आणि तरीही शंका उरली तर आणखी थांबतात.

जे जागे होतात, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना स्मरणाचे, लक्ष देण्याचे त्रास राहतात. किरिनोंच्या जर्बिलमध्ये जो भाग खचला, तो स्मरणाशी जोडलेलाच होता. नावं आठवत नाहीत. बोलता बोलता वाक्य हरवतं. घरच्यांना ते दिसतं, रुग्णालयातून सोडताना मात्र अनेकदा त्याबद्दल कुणी बोललेलं नसतं.

काही आयसीयूंमध्ये म्हणून नर्स रोज एक वही लिहितात. रुग्णासाठी, त्याच्या हरवलेल्या दिवसांची. घरी गेल्यावर तो ती वाचतो. अशा वहीत साधारण असं काही असतं:

(वहीचं पान. हस्ताक्षर.)

"दिवस पहिला. तुम्ही झोपलेले आहात. तुमची बहीण आली होती, तिनं तुमचा हात धरला होता. ताप नाही."

"दिवस दुसरा. आज तुमची दाढी केली. रात्री ताप ३७.८ पर्यंत चढला, आम्ही उतरवला."

"दिवस चौथा. झोपेचं औषध बंद केलं. नावानं हाक मारली. तुम्ही उजव्या बाजूला मान वळवलीत. खिडकी तिकडे आहे."