घरी बसलेल्या बाईचं मत

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या वाक्याबद्दल बोलायचंय ते तुम्ही या आठवड्यात कुठे ना कुठे ऐकलं असणार, एसटीत, चहाच्या टपरीवर, फॅमिली ग्रुपवर, "जाऊ दे, आपल्याकडे काही बदलणार नाही, लोकच तसे आहेत." प्रश्न असा आहे की समाजाबद्दलची ही निराशा, ही नाखुशी, ती बदल घडवायला मदत करते की आड येते?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अशा माणसाला आपण पटकन सल्ला देतो की पॉझिटिव्ह राहा, सारखं रडगाणं गाऊ नको. मला हा सल्ला बिलकुल पटत नाही. ज्या घरात रोज रात्री दारू पिऊन नवरा हात उचलतो, पोराच्या फीचे पैसे गुत्त्यावर जातात, त्या बाईला कुठल्या तोंडाने सांगणार की चांगलं बघ म्हणून? तिचं दुःख म्हणजे त्या गावात काय चाललंय याचा सगळ्यात खरा रिपोर्ट आहे, तो ग्रामपंचायतीच्या दप्तरात मिळत नाही. आणि आपल्याकडे दारूच्या विरोधात जी आंदोलनं झाली ती अशाच बायका एकमेकींच्या ओट्यावर बसून रडल्या, भांडल्या, चिडल्या तिथून सुरू झाली. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या मोठ्या चळवळीनंतर झाली, कुणी खुशीत होतं म्हणून नाही.

आता या बायकांच्या रागाला आपल्या राज्यात एक कागद मिळालाय आणि त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण आजच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या कागदात आहे. गावातलं सरकारमान्य दारूचं दुकान बंद करायचं तर मतदान घेता येतं. २००८ च्या नियमाप्रमाणे गावातल्या निदान २५ टक्के बायकांनी सह्या करून मागणी करायची, मग त्या सह्या तपासतात, खरी बाई आहे का, मतदार यादीत नाव आहे का, आणि मग मतदानाची तारीख लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. एक उभी बाटली, एक आडवी बाटली. दुकान राहू दे म्हणणाऱ्यांनी उभीवर शिक्का मारायचा, बंद करा म्हणणाऱ्यांनी आडवीवर. अक्षर न येणाऱ्या आजीलाही कळतं, आणि मत गुप्त असतं, म्हणजे घरी जाऊन कुणाला सांगायची गरज नाही.

पण खरी मेख मोजणीत आहे. आडव्या बाटलीला नुसती जास्त मतं मिळून भागत नाही, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला पाहिजे. आलेल्यांपैकी निम्म्या नाही, यादीत नाव असलेल्या सगळ्यांपैकी. समजा गावात १००० बायका मतदार आहेत. त्यातल्या ६०० आल्या, ४८० जणींनी बाटली आडवी केली आणि १२० जणींनी उभी ठेवली. चौपट फरक! तरी दुकान चालूच राहणार, कारण ५०१ पाहिजे होत्या. उरलेल्या ४०० जणी घरी होत्या, त्यातल्या कितीतरी जणी त्या दुकानाला रोज शिव्या देत असतील, त्यांचं दुःख रांगेत उभ्या राहिलेल्या बाईपेक्षा कमी नसेल, पण त्या म्हणाल्या की काय उपयोग, दुकानवाल्याचे हात वरपर्यंत पोचलेत. त्या दिवशी त्या घरी बसल्या आणि त्यांचं प्रत्येकीचं मत मोजणीत उभ्या बाटलीकडे गेलं.

हा नियम अन्यायाचा आहे असं माझं मत आहे, इतर कुठल्या निवडणुकीत न आलेल्याचं मत असं एका बाजूला टाकत नाहीत. पण तो दाखवतो ते इतर ठिकाणीही होतंच, फक्त तिथे कुणी मोजत नाही. शाळेच्या व्यवस्थापन समितीची मीटिंग असते, ग्रामसभा असते, सोसायटीची सभा असते, तिथे न जाणारा माणूस आपण तटस्थ आहोत असं समजतो आणि जे चाललंय ते चालू राहतं.

निराश माणसाकडे पुरावे नसतात असं मी म्हणणार नाही. भरपूर असतात. चंद्रपूर जिल्ह्यात बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली, बेकायदा दारू वाढली असं कारण देऊन. ज्या बायका त्यासाठी पायी चालल्या त्यांना कुणी म्हणावं की निराश होऊ नका? झालं ते वाईट झालं आणि त्याचं वाईट वाटलंच पाहिजे.

मग निराशा आली की करायचं काय, यासाठी मला महाडला जावंसं वाटतं. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा समाजसुधारक सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला पास झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद दोन्हीकडे तयार. तरी तीन वर्षं त्या तळ्याचं पाणी अस्पृश्यांपैकी कुणाला घेता आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या मागून हजारो लोक तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. पुढे काय झालं? लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि त्यासाठी महाडला भरलेल्या परिषदेला आलेल्यांना, गावी परत निघालेल्यांना मारहाण झाली. मग शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून तळं "शुद्ध" केलं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरला पुन्हा सत्याग्रह ठरला तर कोर्टाचा मनाई हुकूम आला. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला, म्हणजे एक ओंजळ पाण्यानंतर जवळजवळ १० वर्षांनी.

"लोकच तसे आहेत" म्हणायला याच्यापेक्षा भक्कम कारण कुणाकडे असेल हो? आणि बाबासाहेबांना समाजाबद्दल गोड गैरसमज नव्हते, सवर्ण मंडळी आपण होऊन बदलतील अशी आशा धरून ते बसले नाहीत. पण त्याच महाडमध्ये सुरबानाना टिपणीस होते, नगरपालिकेचे अध्यक्ष, सवर्ण, आणि तळं खुलं करण्याच्या बाजूने उभे राहिलेले. सगळा गाव एकाच रंगाचा आहे असं धरून चाललं असतं तर टिपणीस दिसलेच नसते. मला "लोकच तसे" या वाक्याचा राग येतो तो याच्यासाठी, त्यात टिपणीस पण बुडतात आणि १०८ घागरी ओतणारे पण सुटतात, सगळे नुसते "लोक" होतात.

नाशिकला तर अजून वेगळं घडलं. काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्याबरोबरचे लोक वर्षानुवर्षं लढले, मार खाल्ला, दार काही उघडलं नाही. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून कळवलं की हा सत्याग्रह आता थांबवावा, आपल्याला मूर्तिपूजक व्हायचं होतं म्हणून तो केला नव्हता, आपल्या माणसांना जागं करायला केला होता. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, लाखो लोकांसह. बघा, ही निराशाच होती की, पूर्ण, पक्की, अनुभवातून आलेली. पण ती एका दाराबद्दलची होती. हे दार उघडणार नाही असा हिशोब एकदा पक्का झाल्यावर त्यांनी वाट बदलली, चालणं थांबवलं नाही, आणि ज्यांच्यासाठी चाललं होतं त्या माणसांवरचा विश्वास काही सोडला नाही.

आपल्या मोबाइलवरच्या निराशेत मला हीच गोष्ट सापडत नाही. सकाळी उठल्यापासून खड्डा, बलात्कार, पेपरफुटी, पूल पडला, एकामागून एक, प्रत्येक बातमी खरी आणि प्रत्येकीखाली रडणारा चेहरा टाकून आपण पुढे सरकतो. कुठलं दार बंद आहे ते कळत नाही, किल्ली कुणाकडे ते तर नाहीच. एवढ्या दुःखाने माणूस दमतो आणि दमलेल्या माणसाला वाटतं की आपण काहीतरी केलं.

तर ज्यांच्या गावात बाटलीचं मतदान लागायचंय किंवा सह्या गोळा करणं चाललंय त्या ताईंना, मावशींना एक विनंती. मोर्चाला येणाऱ्या बायका तुमच्या आहेतच. बचत गटातल्या दोघीतिघींनी मतदार यादी घेऊन जी बाई येत नाही तिच्या दारात जा आणि तिला भाषण न देता आधी विचारा की का नाही येत. "काय उपयोग" असं म्हणणाऱ्या बाईच्या मागे बऱ्याचदा नवऱ्याची भीती असते, दुकानवाल्याची उधारी असते, त्या दिवशीची मजुरी बुडण्याचा प्रश्न असतो, किंवा घरात अंथरुणावर सासू असते. उधारीचं बोलता येतं, सासूजवळ तासभर शेजारीण बसू शकते, मत गुप्त आहे हे मतपत्रिकेचा नमुना हातात देऊन दाखवता येतं. आणि माहेरी किंवा ऊसतोडीला गेलेल्या बायकांची नावं वेगळी लिहून घ्या, कारण यादीत त्या आहेत, मोजणीत त्यांचं नाव धरलं जाणार आहे, त्यांना फोन तारखेच्या आदल्या दिवशी करून उपयोग नाही, तारीख कळली त्याच संध्याकाळी करा.

नमस्कार.