फांदी चार फुटांचीच का?

बागेतल्या कचऱ्याचे नवे नियम आले की ते कोणी वाचत नाही. दारात एक कागद येतो, त्यावर बारीक अक्षरात ढीगभर कलमं, फांद्या एवढ्याच लांबीच्या, गठ्ठा सुतळीनेच बांधा, प्लास्टिकची पिशवी चालणार नाही, दोन डब्यांत अंतर ठेवा, आणि सगळ्यात खाली दंड. लोक दंड तेवढा वाचतात, वैतागतात आणि कागद कचऱ्यात टाकतात (तोही बऱ्याचदा चुकीच्या डब्यात).

आज तोच कागद घेऊन बसूया. कारण यातलं जवळपास प्रत्येक विचित्र वाटणारं कलम कोणाच्या तरी पाठीमुळे, नाहीतर मशीनमुळे, नाहीतर खताच्या ढिगामुळे आलेलं असतं, फक्त ते कारण लिहायचं कोणाला सुचत नाही.

फांदीच घ्या. अमेरिकेतल्या बऱ्याच गावांच्या नियमांत फांदी चार फुटांच्या आत आणि गठ्ठा ५० पौंडांच्या आत, म्हणजे साधारण २२-२३ किलो, असं असतं. आता हा गठ्ठा उचलणारा माणूस दिवसभर तेच करतोय. कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी तिथली सरकारी संस्था, नायॉश, तिच्या वजन उचलण्याच्या सूत्रात वरची मर्यादा २३ किलो आहे, आणि तीही सगळं आदर्श असेल तर, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, न वळता. रस्त्याच्या कडेला वाकून उचललेला आणि वळून गाडीत फेकलेला गठ्ठा यात कुठे बसतो तुम्हीच सांगा. त्यात पाऊस पडून गेलेला असेल तर पालापाचोळ्याची पिशवी पाणी पिऊन बसलेली असते, काल सहज उचललेली पिशवी आज हलत नाही. आणि लांब फांदी गाडीच्या मागच्या तोंडात आडवी अडकते, वरून दाबणारी फळी आली की उसळते, समोर उभ्या माणसाच्या तोंडावर.

सुतळीचं कारण सोपं आहे, सुतळी कुजते. नायलॉनची दोरी नाहीतर तार कुजत नाही, ती श्रेडरच्या, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे करणाऱ्या मशीनच्या, दांड्याभोवती गुंडाळत जाते आणि मग मशीन बंद करून कोणीतरी ती कापत बसतं.

प्लास्टिकच्या पिशवीवरून मात्र सगळ्यात जास्त भांडणं होतात. लोक म्हणतात, अहो पाला कुजणारच आहे, पिशवी तुम्ही काढून घ्या. पण गाडीत दाबली गेली की ती पिशवी राहतच नाही, तिच्या चिंध्या होतात, श्रेडरमधून गेल्यावर चिंध्यांचे तुकडे, आणि ते चाळणीतूनही खाली पडतात. असं खत शेतकरी घेत नाही. 'कुजणारी पिशवी आहे' असं छापलेली पिशवीसुद्धा बरेच खत प्रकल्प नाकारतात, कारण कचरा निवडायच्या सरकत्या पट्ट्यावर धावत जाताना ती साध्या पिशवीपेक्षा वेगळी दिसतच नाही.

आता मुळात बागेतला कचरा वेगळा का द्यायचा? सगळं एकत्र डेपोवर गेलं तर तेही मातीतच जाणार ना? नाही. डेपोवर थरावर थर दाबले जातात, आत हवा नसते, आणि हवेशिवाय कुजलं की मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट उष्णता अडकवतो. हवा मिळाली तर त्याच पाल्याचं खत होतं. २०१८ मध्ये अमेरिकेत बागेतला कचरा सुमारे ३.५ कोटी टन निघाला, म्हणजे त्यांच्या एकूण नागरी कचऱ्याच्या १२ टक्के, आणि त्यातला साठ टक्क्यांहून जास्त खतात गेला. तिथल्या बऱ्याच राज्यांनी तो डेपोवर न्यायलाच बंदी घातली होती, त्याचा यात मोठा हात.

खताचं गणितही कागदावर कधी नसतं. ढिगात कार्बन आणि नायट्रोजन साधारण ३०:१ लागतो. ताज्या कापलेल्या गवतात नायट्रोजन भरपूर, नुसत्या गवताचा ढीग केला की दोन दिवसांत चिखल आणि घाण वास. वाळक्या पानांत उलट, ती नुसती ठेवली तर वर्षभर तशीच पडून राहतात. दोन्ही मिसळली की ढीग तापतो, ५५ अंशांच्या वर जातो, आणि तेवढा ताप काही दिवस टिकला की तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. (खरं तर कापलेलं गवत तिथेच पसरून ठेवलं तर गाडीचीही गरज नाही, पण हे सुचवणारं कलम मला फार कमी नियमांत दिसलं.)

पण तापाने सगळंच मरत नाही. २००० च्या आसपास अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात खत घातलं की रोपं वाकडी व्हायला लागली. कारण निघालं क्लोपायरालिड, हिरवळीवर मारायचं तणनाशक, जे गवताबरोबर ढिगात गेलं आणि तिथे टिकून राहिलं. फवारलेलं गवत वेगळं ठेवा असं एखाद्या नियमात दिसलं तर ते उगाच नाही.

डब्यांमधलं अंतर? गाडीचा यांत्रिक हात डब्याला दोन्ही बाजूंनी मिठी मारतो, त्याला जागा लागते. एवढंच.

कारण न सांगता, ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना न विचारता नियम काढायची सवय जुनीच. १८८३-८४ मध्ये पॅरिसचे प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेले प्रमुख अधिकारी, यूजेन पुबेल यांनी घरमालकांना झाकणाचे डबे सक्तीचे केले, वर्गीकरणासकट, तीन प्रकारचे. आरोग्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. पण रस्त्यावरच्या ढिगातून चिंध्या वेचून जगणारे हजारो लोक चिडले, कारण त्यांचा माल झाकणाखाली गेला.

म्हणून नव्या नियमांचा मसुदा निघाला आणि हरकती-सूचनांची मुदत सुरू झाली की दंडावरून वाद घालण्याआधी तीन गोष्टी शोधा. डबा रस्त्यापर्यंत ओढू न शकणाऱ्या म्हाताऱ्या किंवा अपंग माणसासाठी कामगार आत येऊन डबा नेईल का, ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी अशी सोय अर्ज केल्यावर मिळते. पानगळीच्या दिवसांत फेऱ्या वाढणार का, कारण पाला काही वेळापत्रक बघून गळत नाही. आणि सुरुवातीचे काही आठवडे दंडाऐवजी डब्यावर 'हे चुकलंय, यामुळे' असं स्टिकर लावणार का. हे नसेल तर मुदत संपायच्या आत लेखी द्या, आणि दिल्याची पोच घ्या.