दलघमी की दलघफू? मासिकातला तथ्यतपासनीस

(दृश्य : टेबलावर लेखाची छापील प्रत, रुंद समास, हातात पेन्सिल.)

नाशिकमधल्या एका मासिकाचं कार्यालय. दिवाळी अंकाचे लेख येऊन पडलेत. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ बघेल. तथ्यतपासनिसानं बघायचं ते लिहिलेलं खरं आहे का.

लेख आधी कागदावर काढायचा, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. स्क्रीनवर डोळा सरकत जातो, कागदावर अडतो. मग ज्या शब्दावर वाचक बोट ठेवू शकेल, त्या प्रत्येकाखाली रेघ : नाव, हुद्दा, साल, आकडा. ‘पहिला’, ‘एकमेव’ आणि ‘सर्वात मोठा’ यांच्याखाली दोन रेघा. पडताळा झाला की शब्दावर बरोबरची खूण आणि समासात आधार : पुस्तकाचं पान, फोनची तारीख, मुलाखतीच्या रेकॉर्डिंगमधलं मिनिट.

(दृश्य : पेन्सिल एका वाक्यावर थांबते.)

‘२१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या.’ तारीख बरोबर, नाट्यगृह बरोबर. वय? गोळ्या झाडल्या डिसेंबरात, ठाण्याला फाशी झाली १९ एप्रिल १९१० रोजी, आणि मधे जानेवारीत कान्हेरेंचा वाढदिवस येतो. फाशीच्या वेळचं वय उचलून नाट्यगृहातल्या रात्रीला चिकटवलेलं असू शकतं. म्हणून वय कुठूनही उतरवून घ्यायचं नाही. जन्मतारीख शोधायची आणि वजाबाकी स्वतः करायची. दहा ठिकाणी ‘अठरा’ सापडलं म्हणजे दहा पुरावे झाले नाहीत. एकानं लिहिलं आणि नऊ जणांनी उचललं, असंच बहुधा निघतं. त्यापेक्षा १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन जुनी पुस्तकं उघडलेली बरी. मात्र पुस्तकाचं सालही बघावं : जिल्ह्याच्या १८८३च्या गॅझेटियरमध्ये १९०९ कसं सापडणार?

(दृश्य : गंगापूर धरण, भरलेला जलाशय.)

सर्वात जास्त घोळ पाण्याचा. लेखात असतं, ‘गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दलघमी’. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. आकडा बरोबर, एकक चुकलं. ते दलघफू, म्हणजे दशलक्ष घनफूट. हजार दलघफू म्हणजे एक टीएमसी, म्हणून गंगापूर झालं ५.६३ टीएमसी. घनमीटर घनफुटाच्या ३५ पटींहून थोडा मोठा. ‘दलघमी’ तसंच छापलं तर गंगापूर १९९ टीएमसीचं होतं, जवळपास दोन कोयना! असा अंदाज बांधायला मिनिटसुद्धा लागत नाही, पण ओळखीच्या आकड्यापाशी कुणी थांबतच नाही.

दुसरा घोळ क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाण्याचा. ‘दहा हजार क्युसेक पाणी सोडलं’ हा वेग झाला, पाणी किती गेलं ते नव्हे. किती तास सोडलं, हे विचारावंच लागतं. ११,५७४ क्युसेकनं पूर्ण चोवीस तास सोडलं, तर एक टीएमसी जातं.

कांद्याचंही तेच. बाजार समितीच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. कमाल दर एखाद्याच ट्रॉलीला मिळालेला असू शकतो, पण मथळ्यात जातो तोच. लाल की उन्हाळ, तेही बघायचं.

आणि २७ फेब्रुवारीला ‘राजभाषा दिन’ लिहिलेलं दिसलं की खोडायचं. तो मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. राजभाषा दिन १ मे रोजी असतो. कुसुमाग्रजांचा जन्मही नाशिकचा नाही, पुण्याचा.

(दृश्य : फोनवर बोलणारा तपासनीस.)

मुलाखत दिलेल्या माणसाला फोन करताना त्याचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवत नाहीत. वाचलं की तो ते मवाळ करू लागतो. शब्द रेकॉर्डिंगवरून तपासायचे; फोनवर विचारायचं ते त्यातलं तथ्य : ‘तुम्ही तिथं किती साली रुजू झालात?’ बोललेलं हुबेहूब असलं तरी बोलणाऱ्याचं साल चुकलेलं असू शकतं. ज्याच्यावर आरोप आहे, त्याला मात्र आरोप स्पष्ट सांगून त्याचं म्हणणं घ्यावंच लागतं. ते टाळलं तर प्रकरण अब्रुनुकसानीपर्यंत जाऊ शकतं.

(दृश्य : रात्र. संगणकावर पानं लागताहेत.)

मथळे, चौकटी आणि फोटोओळी सर्वात शेवटी लिहिल्या जातात, घाईत, आणि बऱ्याचदा तपासनीस घरी गेल्यावर. त्यामुळे लेख निर्दोष निघतो आणि चूक मोठ्या टायपात छापली जाते. म्हणून छपाईला जाण्याआधी लागलेली पानं पुन्हा मागवायची आणि फोटोतली माणसं पेन्सिलीच्या टोकानं डावीकडून मोजायची. माणसं पाच, खाली नावं सहा.