‘क्यूर’ झाली म्हणजे पेशंट बरा झाला असं नाही

राजारामपुरीतल्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर हे दोन खोल्यांचं ऑफिस. बोर्ड वगैरे काही नाही, दारावर चिकटवलेला एक कागद फक्त, फ्रेंचचं इंग्रजी भाषांतर करून मिळेल. आता कोल्हापुरात फ्रेंचचं काय काम असं कुणालाही वाटेल, पण आपली माणसं नोकरीला कुठं कुठं जातात बघा, आयव्हरी कोस्ट, सेनेगल, काँगो, आणि तिकडं दवाखान्याचे कागद फ्रेंचमध्येच निघतात. तिकडं कुणाला गाठ आली, बायोप्सी झाली, की फाईल घेऊन माणूस घरी येतो आणि इथला डॉक्टर म्हणतो हे आधी इंग्रजीत करून आणा. मराठीत करून उपयोग नाही, कारण पुढं तीच फाईल सेकंड ओपिनियनला मुंबईला, टाटाला जायची असते.

स्क्रीनवर दिसतोय तो असलाच एक ब्रेस्ट कॅन्सरचा रिपोर्ट, नाव-गाव झाकलंय. वरच लिहिलंय ‘कोंत रांद्यू अनातोमोपातोलोझीक’. तिकडचे डॉक्टर नुसतं ‘अनापात’ म्हणतात, आपल्याकडचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, म्हणजे गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दिलेला. बघूनच घाम फुटावा असा शब्द आहे, पण भाषांतर करणाऱ्या ताई (नाव नको म्हणाल्या) सांगतात की असल्या लांबलचक शब्दांचं काही टेन्शन नसतं, ते ग्रीक-लॅटिनमधनं आलेले, दोन्हीकडं जवळपास सारखेच, मोबाईलसुद्धा बरोबर करतो. गोत्यात आणतात ते छोटे, ओळखीचे वाटणारे शब्द.

हा बघा ‘क्यूर’. तीन क्यूर झाल्या असं लिहिलंय. स्पेलिंग अगदी इंग्रजीसारखंच, त्यामुळं वाचणाऱ्याला वाटणार पेशंट बरा झाला. आणि फ्रेंचमध्ये केमोची एक क्यूर म्हणजे एक सायकल. तीन क्यूर म्हणजे तीन सायकल झाल्या, बस्स, गुण आला का नाही त्याचा त्यात पत्ताच नाही. घरच्यांनी नुसता तो एक शब्द मोबाईलवर बघितला तर पेढे वाटायला निघतील.

त्याच्याखाली ‘गांग्लियों’. आपल्याकडं गँग्लियन म्हटलं की मनगटावरची साधी गाठ, कुणी फार मनावर घेत नाही. फ्रेंच रिपोर्टमध्ये ते लिम्फ नोड, म्हणजे अंगातल्या लिम्फच्या छोट्या ग्रंथी असतात, आणि इथं लिहिलंय १४ पैकी २ मध्ये कॅन्सर सापडला. शेजारचा ‘क्युराझ’ म्हणजे काखेतले ते नोड काढायचं ऑपरेशन, इंग्रजीत ॲक्सिलरी डिसेक्शन, त्याचा क्युरेटिंगशी काही संबंध नाही. आणि ‘आंबोल’ दिसलं की एम्बोलिझम लिहून मोकळं व्हायचं नाही, नाहीतर डॉक्टर रक्ताची गुठळी समजून धावपळ करतील. इथं त्याचा अर्थ कॅन्सरच्या पेशी रक्ताच्या किंवा लिम्फच्या नळीत शिरलेल्या दिसल्या, म्हणजे लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन.

‘बिलां देक्स्तांसियों’ तर घाबरवणाराच. एक्स्टेन्शन दिसतंय म्हणजे पसरलाच असं वाटतं. खरं तर पसरलाय का हे बघायला केलेल्या तपासण्या, स्टेजिंग वर्कअप. काहीच न पसरलेल्या पेशंटच्या कागदावरही तो शब्द असतोच.

मग अक्षरांचा घोळ. आपला एमआरआय तिकडं आयआरएम, आपला एएमएल (रक्ताचा एक कॅन्सर) तिकडं एलएएम, आणि रक्ताच्या रिपोर्टमधलं एसीई म्हणजे आपलं सीईए, कॅन्सरचा मार्कर. ते तसंच एसीई ठेवलं तर इथला डॉक्टर भलत्याच टेस्टचा विचार करणार. सगळ्यात गंमत आरसीपीची. फ्रेंचमध्ये त्याचे दोन अर्थ, एक हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करतात ते सीपीआर, आणि दुसरा, कॅन्सरच्या फाईलमध्ये बहुतेक वेळा असतो तो, सगळे डॉक्टर मिळून केस बघतात ती मीटिंग, म्हणजे ट्यूमर बोर्ड. आणि कोल्हापूरकराला सीपीआर म्हटलं की आपलं सरकारी हॉस्पिटल. म्हणजे एकदा चुकलं की पेशंट कुठल्या कुठं जाईल सांगता येत नाही!

आकडे तरी सरळ असतील म्हणावं, तर तेही नाहीत. गाठीचं माप ‘२,५ सेमी’. फ्रेंचमध्ये दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, म्हणजे हे अडीच सेंटिमीटर. फोटोकॉपीत तो स्वल्पविराम पुसट झाला की झालं पंचवीस. ताई मग खालची स्टेज बघतात, टी २. ब्रेस्टमध्ये टी २ म्हणजे दोनपेक्षा जास्त, पाचपर्यंत. जुळलं. ही टीएनएमची (टी गाठ, एन नोड, एम दुसरीकडं पसरणं) स्टेज ठरवायची पद्धत मूळची फ्रेंच सर्जन पियेर दन्वा यांची, १९४३ ते १९५२ या काळात त्यांनी ती बसवली, आणि ती तीन अक्षरं मात्र दोन्ही भाषांत तशीच चालतात, एवढा एक दिलासा.

हातानं लिहिलेलं काही लागलं नाही तर ताई अंदाज करत नाहीत, चौकोनी कंसात ‘वाचता येत नाही’ असं लिहितात. मला विचाराल तर सगळ्या कामात हेच अवघड, कारण समोर बसलेल्या माणसाला पूर्ण कागद हवा असतो.

आता हे फाईल घ्यायला आलेले दादा. कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला.

“ताई, तेवढं सांगा की, बरं हाय का वाईट?”

“दादा, ते डॉक्टरच सांगतील. मी फक्त तिथं जे लिहिलंय ते लिहिलं. आणि हे बघा, फ्रेंचची प्रत मागं जोडलीय, ती काढू नका. स्लाइड आणि ब्लॉक आणलेत का तिकडनं?”

“ब्लॉक म्हणजे?”

“मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा. मुंबईत मागतील, परत तपासायला. नसेल आणला तर आजच फोन लावा तिकडं.”

दादांनी तिथंच उभ्या-उभ्या फोन काढला.