लांबचे विचारतात, जवळचे सांगतात

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'शिक्षिका' छापलंय. ते खरं आहे, पण आजचं बोलणं शाळेचं नाही. सचिव म्हणाले, मॅडम, तुमच्याकडे लकवा झाला होता, त्यावर बोला. मी म्हटलं, लकव्यावर डॉक्टर बोलतील, मी फोनवर बोलते. ते हसले. मला खरंच फोनवरच बोलायचंय. पण आधी थोडं आपल्या भागाविषयी.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' संस्था आहे. तिथल्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गडचिरोली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मलेरिया येतो, साप येतो. यादीत पहिला आला पक्षाघात. शंभरातले चौदा मृत्यू त्याचे, म्हणजे जवळपास सातातला एक. आणि त्यातली बहुतेक माणसं घरच्या घरीच गेली. लकवा हा शहरातल्या साहेब लोकांचा आजार आहे असं कुणाला अजून वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका.

आमच्याकडे हे घडलं कापसाच्या मोजणीत. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बाया आपापली गाठोडी घेऊन अंगणात येतात, हे, म्हणजे माझे यजमान, काट्यावर वजन करतात, वहीत लिहितात. त्या दिवशी एकीचं गाठोडं ठेवलं, हे म्हणाले, चौदा. दुसरीचं ठेवलं, चौदा. तिसरीचं चांगलं दणदणीत होतं, तरी चौदाच. बाया हसायला लागल्या. "भाऊ, आज सगळ्यायचंच चौदा कसं भरून राह्यलं?" यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर पुन्हा चौदा. मग हातातला पेन पडला. एक म्हातारी बाई पुढे आली, यांच्याकडे बारकाईनं पाहिलं आणि मला म्हणाली, "बाई, भाऊचं तोंड वाकडं दिसून राह्यलं. हे हसण्यावारी नेऊ नका."

तोंड वाकडं, हाताची ताकद गेलेली, बोलणं बिघडलेलं. यातलं एकही अचानक दिसलं तर तो लकवा समजायचा आणि निघायचं. त्या म्हातारीला शाळा माहीत नाही, पण निदान तिनं केलं.

आता फोन. मी देशी बियाण्यांच्या एका व्हॉट्सअॅप गटात आहे. वांगी, वाल, गावरान तूर, चवळी. कुणी सांगलीकडचं, कुणी नाशिकचं, कुणी कोकणातलं. पोस्टानं बियांची पाकिटं पाठवायची, उगवलं की फोटो टाकायचा. त्यातलं कुणीही मी कधी समोरासमोर पाहिलेलं नव्हतं. गावातल्या एकाची गाडी दारात उभी होती, तिच्यात यांना घातलं, आणि गाडीतून मी दोन ठिकाणी निरोप टाकला, नातेवाइकांच्या गटात आणि या बियाण्यांच्या गटात.

नातेवाइकांच्या गटातून पहिलं उत्तर काय आलं असेल? सुईनं दहाही बोटं टोचा, थेंब थेंब रक्त काढा, मग कानाच्या पाळ्या ओढा, माणूस उठून बसतो. तुमच्याही फोनमध्ये ते असेलच, कित्येक वर्षं फिरतंय. अहो, गुठळी मेंदूच्या नसेत बसलेली आणि रक्त बोटातून काढायचं! नसती बोटं टोचण्यात जो वेळ जातो तो मेंदूच्या खात्यातून वजा होतो. मोठी नस बंद पडली तर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडलाय.

बियाण्यांच्या गटातून फोन आला. सांगलीकडच्या एक निवृत्त सिस्टर आहेत. त्यांनी धीर दिला नाही, 'काळजी करू नका' म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "ताई, ते शेवटचं नीट कधी बोलले?"

मी म्हटलं, आत्ताच, मोजणीच्या वेळी बिघडलं. "ते नव्हे. नीट बोललेले शेवटचे कधी ऐकले? वेळ सांगा." घड्याळाकडे कोण बघतं! मग आठवलं, साडेपाचची एसटी फाट्यावर थांबली तेव्हा यांनी कंडक्टरला हाक मारून उद्याच्या पार्सलचं विचारलं होतं. चांगलं खणखणीत. सिस्टर म्हणाल्या, "साडेपाच. हेच दवाखान्यात पाय ठेवल्याबरोबर सांगायचं. वाटेत थांबू नका, जिथं सीटी स्कॅन आहे तिथंच जा. आणि तोंडात काही घालू नका. पाणी नाही, गोळी नाही."

याची कारणं मला नंतर कळली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणूस शेवटचा धड दिसला तिथून मोजतात. झोपेतून उठताना लकवा दिसला तर रात्री झोपला ती वेळ धरतात. लकवा दोन तऱ्हेचा असतो. बहुतेकदा नस बुजते, काही वेळा फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक कळतो स्कॅनमध्येच. फुटलेल्या नसेवर कुणी घरातली रक्त पातळ करायची गोळी दिली तर काय होईल, विचार करा. आणि गिळायची शक्ती गेली असेल तर पाण्याचा घोट श्वासनळीत उतरतो. आपण तर माणूस पडला की आधी तांब्याच आणतो.

आम्ही वेळेत पोचलो. इंजेक्शन मिळालं. पण इंजेक्शन म्हणजे जादू नव्हे, हेही सांगते, कारण गावात एक मत असं आहे की एवढा महागडा इलाज केला तर माणूस पूर्ववत झाला पाहिजे. यांचा पाय बराचसा आला, उजवा हात थोडा आला, वाचा राहिली ती राहिलीच. उजवा हात आणि वाचा एकदम गेली म्हणजे मार मेंदूच्या डाव्या बाजूला. याला वाचाघात म्हणतात. माणसाला समजतं पुष्कळ, शब्द सापडत नाही.

घरी आणल्यावर आमच्याकडे रीघ लागली. आपल्याकडे भेटायला येणं हा मोठा धर्म आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण येणारा माणूस बाजेपाशी बसतो, यांच्याकडे बघतो आणि मला म्हणतो, "कसा धडधाकट माणूस होता जी!" होता! समोर बसलेल्या माणसाबद्दल, त्याला सगळं ऐकू येत असताना. मग उपाय. अमक्या गावचा बाबा लकवा उतरवतो. तमकं तेल. कबुतराचं रक्त चोळा. हे कबुतराचं मी वैतागून बियाण्यांच्या गटात टाकलं तर नाशिकचे दादा म्हणाले, "कबुतराला विचारलं का?" कितीतरी दिवसांनी मी हसले.

तेव्हा माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. जवळच्या माणसाला समोर दिसत असतं, म्हणून तो सांगतो. लांबच्याला काही दिसत नाही, म्हणून त्याला विचारावंच लागतं. आणि कुणी विचारलं की उत्तर द्यायला आपल्याला नीट बघावं लागतं. माझी सगळी शुश्रूषा त्या प्रश्नांतून झाली.

सिस्टर सकाळी विचारायच्या, "पाठ बघितली का? माकडहाडापाशी लाल झालंय का?" म्हणून मी रोज बघायला लागले, आणि एके दिवशी रुपयाएवढा लाल डाग दिसला. तो तसाच राहिला असता तर तिथं जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. मग दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. "चहा पिताना ठसका लागतो का? प्यायल्यावर आवाज ओला येतो का?" ओला आवाज हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि लक्ष दिलं तर खरंच, घशात पाणी घोळल्यासारखा यायचा. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पातळ पदार्थ बंद करून घट्ट वरण, आंबील, ताठ बसवून, हनुवटी खाली करून, लहान घास, असं सुरू केलं.

गटातल्या एका ताईंची भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं व्हिडिओ कॉलवर आम्हाला यांना उठवताना दाखवायला सांगितलं. आमच्याकडे रेंज गच्चीवर, त्यामुळे यांना खालच्या खोलीत उठवायचं, पुतण्यानं व्हिडिओ काढायचा आणि गच्चीवर पळत जाऊन पाठवायचा. तिनं बघितलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. कंबरेला आधार द्या. आणि बाज काढा. सुंभाच्या बाजेत माणूस मधे खड्ड्यात जातो, त्याला स्वतःहून कुशीवर वळताच येत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सुतारकाम येणाऱ्या एका पालकानं लाकडी पलंग आणून दिला. यांची वळायची धडपड त्याच आठवड्यात सुरू झाली.

बोलण्याचं सगळ्यात अवघड. दवाखान्यातून चित्रांचा तक्ता मिळाला होता. सफरचंद, जहाज, छत्री, रेल्वे. हे तो तक्ता डाव्या हातानं ढकलून द्यायचे. कोकणातल्या एक शिक्षिका गटात आहेत, त्यांनी विचारलं, "त्यांच्या दिवसात काय काय येतं?" मी यादी पाठवली, मग फोटो काढून पाठवले. आमचा डवरा, आमचीच बैलजोडी, धुऱ्यावरचा पळस, काटा, पितळी पेला, घोंगडी, संडासाचं दार. त्यांनी मोठ्या अक्षरांत नावं घालून तक्ता करून पाठवला, तालुक्याला छापून आणला. यांनी पहिलं बोट ठेवलं ते बैलांवर. किती तरी वेळ ठेवलं. मग "ढ" असा आवाज काढला. आमच्या डाव्या बैलाचं नाव ढवळ्या.

एक गंमत सांगते. यांना पाणी मागता येत नव्हतं, पण संध्याकाळी देवळातून सामुदायिक प्रार्थना सुरू झाली की हे शब्दांसकट म्हणायचे. आमच्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं मंडळ जुनं आहे. कुणी दारात येऊन "जय गुरू" म्हटलं की यांच्या तोंडून सहज "जय गुरू" निघायचं. लोकांना वाटायचं चमत्कार, किंवा त्याहून वाईट, की हा माणूस मुद्दाम बोलत नाही. तसं नाही. तोंडपाठ असलेलं, चालीवर म्हटलेलं, एक दोन तीन मोजणं, हे मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं आणि पुष्कळदा शाबूत राहतं. चालीचा आधार घेऊन बोलणं शिकवण्याची रीतसर पद्धतच आहे. तेव्हा असा माणूस भजन म्हणतो पण उत्तर देत नाही, म्हणून त्याच्यावर रागावू नका.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई फोनची जाहिरात करते. कापूस शेतात फुटून होता. तो वेचला गावातल्याच बायांनी. आमच्या अंगणात येऊन त्या स्वतःच काट्यावर मोजायच्या, एकीचं वजन दुसरी बघायची, आणि माझ्या सातवीतल्या मुलीकडून वहीत लिहून घ्यायच्या. एका किलोचाही घोळ झाला नाही. रात्री दोनला यांना वळवायला शेजारचा पोरगा भिंतीवरून उडी मारून यायचा. सांगलीहून कोण येणार? आणि गटातही सगळं सोनं नव्हतं. एक जण चमत्कारी तेल विकायला लागला होता, त्याला काढून टाकलं. महिन्याभरानं गट हळूहळू पुन्हा वांग्यांवर आला. मला आधी वाईट वाटलं, पण मग तेच बरं वाटायला लागलं. दिवसातून दहा मिनिटं मी अशा ठिकाणी असायचे जिथं कुणी मला लकवेवाल्याची बायको म्हणून ओळखत नव्हतं, चवळी का पिवळी पडली एवढाच प्रश्न होता.

टिकले ते चार-पाच जण. त्यांतल्या कोकणातल्या बाईंनी एकदा विचारलं, "या आठवड्यात ते हसले का?" मी विचार करत बसले. हसले नव्हते. जेवत नव्हते, प्रार्थनाही सोडली होती, मी ते अंगाच्या थकव्यावर ढकलत होते. लकव्यानंतर साधारण तीनातल्या एका माणसाला नैराश्य येतं, आणि त्यावर औषध आहे. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. आणि सिस्टर कधीमधी यांच्याबद्दल न विचारता विचारायच्या, "ताई, तुमची कंबर कशी आहे?" माणूस उचलणाऱ्याची कंबर जाते, हे ज्यानं उचललंय त्यालाच सुचतं.

म्हणून माझी एक विनंती. उद्या कुणाच्या घरी भेटायला जाल तेव्हा समोर बसलेल्याशी बोला, त्याच्याबद्दल नको. 'हो-नाही'त उत्तर येईल असं विचारा आणि थांबा, त्याला वेळ लागतो. उपाय खिशात ठेवा. कागदपत्रांचं विचारा, मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि घरचं माणूस तेव्हा खाटेपाशी अडकलेलं असतं. ते काम तुम्ही घ्या.

वेळ झाली म्हणून चिठ्ठी आलीय. बाहेर व्हरांड्यात आशाताई रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन बसल्यात. तिशीच्या पुढच्या सगळ्यांनी मोजून जा. दुखत नाही म्हणून बीपीची गोळी सोडलेले किमान दोघे मला इथूनच दिसतायत, त्यांनी आधी जा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून. आणि मागच्या रांगेतल्या भाऊंनी आत्ता खर्रा तोंडात टाकलाय, तुम्ही अर्ध्या तासानं मोजा. तंबाखूनं आकडा वाढलेला येतो.